त्या राखीव सीटवरचा पोरगा

टार्नीट, मेलबर्न
रविवार, ८ मार्च २०२६

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, आम्ही दोघं धडधाकट आहोत. व्हिडिओ कॉलवर आईचं सगळं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे. "वाळलास रे" म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, की बाबा "रेंज जातीय" म्हणत फोन ठेवतात. सांगायचं ते राहूनच जातं. काकांच्या धाकट्याला हे पाठवलंय. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून तुमच्या हातात द्यायची, स्वतः वाचायची नाही, असं बजावलंय. तो वाचणारच.

आधी खोटं कबूल करतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत मला नोकरी नव्हती. तुम्ही सकाळचा चहा घेताना फोन करायचात, "ऑफिसात का?" विचारायचात आणि मी "हो, जेवणाची सुट्टी झालीय" म्हणायचो. मी बसलेलो असायचो इथल्या सार्वजनिक वाचनालयात. ज्युलिया गिलार्ड या माजी पंतप्रधानांचं नाव आहे त्याला. मागची कपाटं बघून बाबा म्हणाले होते, "ऑफिस झकास आहे की तुमचं." त्या रात्री मला झोप लागली नाही.

झालं असं. टार्नीटहून शहरात जाणारी सकाळची रेल्वेगाडी म्हणजे आपल्या यात्रेच्या जादा गाडीसारखी, पाय ठेवायला जागा नाही. जानेवारीत एक दिवस त्या गाडीत छातीत धडधडायला लागलं, हात बधिर झाले, श्वास पुरेना. वाटलं, संपलं, आता तुम्हाला कोण कळवणार. सनशाइन स्टेशनवर कुणीतरी मला धरून उतरवलं आणि अॅम्ब्युलन्स बोलावली. सूनबाई अॅम्ब्युलन्सची वार्षिक वर्गणी न चुकता भरते, नाहीतर त्या बिलानेच खरा झटका आला असता. ईसीजी स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे, हा पॅनिक अटॅक होता. मला बरं वाटायला हवं होतं, पण लाजच वाटली. काहीच झालेलं नाही आणि आपण इतका तमाशा केला, असं झालं.

पुढचे तीन आठवडे गाडीत चढताच येईना. स्टेशनपर्यंत जायचो आणि परत फिरायचो. ऑफिसात साहेबाने विचारलं, तर पोट बिघडलंय म्हणालो. खरं सांगण्यापेक्षा राजीनामा सोपा वाटला, म्हणून दिला. इथे नोकरी लागताना ऐकलं होतं, "तुमचा भारतातला अनुभव चांगला आहे, पण इथला अनुभव?" दोन वर्षं खपून तो इथला अनुभव कमावला होता आणि मीच तो सोडून आलो.

बेकारभत्ता मिळतो ना तिकडे, असं बाबांनी एकदा कुणाबद्दल तरी विचारलं होतं. कायमचा व्हिसा मिळाला तरी नव्या माणसाला त्यासाठी चार वर्षं थांबावं लागतं. आम्ही २०२२च्या जूनमध्ये आलो, म्हणजे अजून बसत नव्हतो. घर तुमच्या सुनेने ओढलं. वृद्धांच्या केअर होममध्ये ती लागोपाठ पाळ्या करायची आणि घरी आल्यावर मला एका शब्दानेही बोलायची नाही. बोलली असती तर बरं, असं वाटायचं.

शेवटी तीच मला नेहमीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी दहा प्रश्नांचा कागद दिला. गेल्या चार आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटलं, किती वेळा शांत बसवेना, असे प्रश्न. त्यावरून त्यांनी उपचारांचा आराखडा केला. तो असला की वर्षाला मानसशास्त्रज्ञाच्या दहा भेटींचे पैसे मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्य योजना, परत करतं, म्हणजे बरेचसे, सगळे नाही. गोळीही सुरू केली. आई, ती झोपेची गोळी नाही आणि तिचं व्यसन लागत नाही. गुण यायला महिना गेला. मनाने बंद करायची नसते, म्हणून "आता पुरे की" असं फोनवर म्हणू नकोस.

तज्ज्ञबाई इथल्याच, गोऱ्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात ते सांगा, आणि शरीरात कुठे होतं तेही. मी म्हणालो, घालमेल. पोटात गोळा येतो. जीव थाऱ्यावर नसतो. त्यांनी "थारा" म्हणजे काय ते विचारलं आणि माझी त्यावर दहा मिनिटं गेली. मग आम्ही गाडीच्या मागे लागलो. पहिल्या आठवड्यात दुपारच्या रिकाम्या गाडीने एकच स्टेशन, डिअर पार्क, आणि परत. धडधड सुरू झाली तरी उतरायचं नाही, ती चढते आणि आपोआप ओसरते ते बघायचं. मी एक तिकिटासारखी चिठ्ठी खिशात ठेवायचो. चढताना भीती दहापैकी किती आणि उतरताना किती, ते तिच्यावर लिहायचो. कंडक्टरचाच मुलगा.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते. काम शोधायला मदत हवी म्हणून डॉक्टरांनी सरकारी पैशाने चालणाऱ्या एका सेवेकडे पाठवलं. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्यांना नोकरी मिळवणं आणि टिकवणं जड जातं त्यांच्यासाठी ती असते, आणि फुकट. भत्त्याची चार वर्षं भरलेली नसली तरी चालतं. पण फॉर्मवर "अपंगत्व" हा शब्द होता आणि खाली माझी सही हवी होती. तो फॉर्म मी नऊ दिवस गाडीच्या डिकीत ठेवला.

बाबा, तुम्हाला कराड-चिपळूण एसटीतला तो पोरगा आठवतो का? अपंगांच्या राखीव सीटवर बसलेला, चांगला धट्टाकट्टा दिसणारा. तुम्ही त्याला पाटणला उठवलंत, दोन शब्द सुनावलेत, आणि त्याने गुपचूप खिशातून दाखला काढला. घरी येऊन तुम्ही जेवला नव्हता. आईला एवढंच म्हणालात, "दिसत नव्हतं गं काही." नऊ दिवस माझ्या डोक्यात तोच पोरगा होता. सही केली ती त्याची आठवण काढून.

सगळं गोड झालं असं नाही. पहिला सल्लागार मला रात्रीच्या साफसफाईच्या कामाला लावून मोकळा होऊ बघत होता. कामाची लाज नाही, पण आठ वर्षं हिशेब लिहिलेत मी. तो सोडून गेला, दुसरी आली, तीही गेली. पुढे नोकरी लागल्यावरही, नोव्हेंबरमध्ये सरकारने ती अख्खी योजनाच बदलून नवं नाव दिलं, आणि मग तीच माहिती पुन्हा भरा. नाव बदललं की सुधारणा झाली, हे सगळीकडचं सरकार मानतं असं दिसतं. त्याआधी भेटलेली तिसरी बाई मात्र खमकी होती. तिने आजाराचं नाव विचारलंच नाही. कोणतं काम जमतं, कशाने अडतं, एवढंच विचारलं. मुलाखतीची तालीम घेतली. इथे "अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत?" असं विचारतात आणि आपण "आम्ही केलं, आमच्या टीमने केलं" म्हणतो. ती दर वेळी थांबवायची, "तुम्ही काय केलंत?"

मालकाला आजार सांगायचाच असं बंधन नव्हतं. काय सांगायचं, कुणी सांगायचं, ते माझ्या संमतीवर. आम्ही नाव न घेता फक्त गरजा सांगितल्या. काम लेखी द्यावं, बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळावेत, आणि कधी दहा मिनिटं बाहेर जाऊन आलो तर कारण विचारू नये. इथल्या १९९२च्या अपंगत्व-भेदभावविरोधी कायद्याने अशा सोयी झेपतील तेवढ्या द्याव्या लागतात, पण कायदा काढावा लागला नाही. मालक म्हणाला, "एवढंच?"

तर ऑक्टोबरपासून मी ट्रुगनिनातल्या एका गोदामात हिशेबाला आहे, मोटारीने पंधरा मिनिटांवर. आठवड्याचे चार दिवस. पगार आधीपेक्षा कमी आहे. बुधवारी सुट्टी. त्या खमक्या बाईचा फोन अजून अधूनमधून येतो. डिसेंबरात ताळेबंदाच्या वेळी दोनदा बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो, मग आत येऊन काम पुरं केलं.

"परत ये" असं तुम्हाला म्हणावंसं वाटेल. हे कराडातही झालं असतं, बाबा, आणि मला वाटतं आपल्या घरात झालेलंही आहे. पहाटेच्या ड्युटीच्या आधी तुम्ही मोरीत उलट्या करायचात आणि आई आलं-लिंबू द्यायची. पित्त म्हणायचो आपण सगळे. पण ते सुट्टीच्या दिवशी कधीच व्हायचं नाही. लाइन चेकिंगमध्ये, म्हणजे वाटेतल्या तपासणीत, तुमची कॅश कमी निघाली होती, त्या वर्षापासून ते सुरू झालं. मी तेव्हा सातवीत होतो. तुम्हाला कुणी विचारलंच नाही, आणि तुम्ही तसेच वर्षानुवर्षं घाट चढत-उतरत राहिलात. अजूनही रात्री दोनला उठून बसता असं आई म्हणते. मनाच्या त्रासासाठी असलेल्या १४४१६ या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. लावा असं म्हणत नाही. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

आई, फोनवर "आता बरा आहेस ना?" विचारू नकोस, त्याचं उत्तर मला येत नाही. जेवलास का, विचार. दृष्ट काढायची तर काढ, दोघांचीही काढ. सुनेची आधी.

बुधवारी तुमच्या सकाळी साडेसातला फोन करा. मी घरीच असेन, वाचनालयात नाही. आणि बाबा, तो पोरगा कोयनानगरला उतरला की हेळवाकला, ते मला आठवत नाही. तुम्हाला नक्की आठवत असेल.

तुमचा,
बाळू