तिसऱ्या मजल्यावरची शाळा कुणाची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझी दोन्ही मुलं भांडुपमध्ये महापालिकेच्या एकाच इमारतीत शिकतात. मुलगा तळमजल्यावर, पालिकेच्या मराठी शाळेत. मुलगी तिसऱ्या मजल्यावर, पालिकेने एका संस्थेला चालवायला दिलेल्या इंग्रजी शाळेत. फी नाही, वर्गात मुलं कमी, बाई जीव ओतून शिकवणाऱ्या. दुसरीतच पोर घडाघडा वाचायला लागली. तिला तिथे घातल्याचा मला पश्चात्ताप नाही.

पण यंदा पाचवीत गणिताच्या बाई ऑगस्टमध्ये सोडून गेल्या. दुसऱ्या आल्या दिवाळीनंतर, जानेवारीत त्याही गेल्या. तिची वही आत्ता माझ्यापुढे आहे. आधी लाल शाईच्या खुणा, मग हिरव्या, आणि भिन्नच्छेद अपूर्णांक सुरू झाले तिथून एकही खूण नाही. चुकलेली गणितं तशीच पडली आहेत. संस्थेचे लोक म्हणतात, 'वर कळवलंय.' वॉर्डातल्या शिक्षण विभागात गेले तर, 'ती शाळा संस्थेची, आमच्याकडे येत नाही.' अहो, इमारत पालिकेची, मुलं याच वस्तीतली, मग दाद मागायची कुणाकडे?

तळमजल्यावर असं नाही. मुलाच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी दोन वर्षं होते. मुलींच्या शौचालयाची कडी तुटली, तेव्हा आम्ही बायकांनी सभेच्या रजिस्टरमध्ये तसं लिहायला लावलं, खाली सह्या केल्या, बाईंनी वॉर्डात पत्र पाठवलं. अकराव्या दिवशी कडी बसली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांना ही समिती बंधनकारक आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. विनाअनुदानित शाळा त्यातून सुटतात, आणि मुलीची शाळा कागदोपत्री विनाअनुदानित. त्यामुळे तिथे आम्हाला फक्त 'पालक सभेला या' असा मेसेज येतो.

प्रवेशाच्या वेळी संस्थेने सांगितलं होतं, अमेरिकेत अशाच चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र संस्थांनी चालवलेल्या शाळा, आहेत. भाच्याकडून माहिती काढून घेतली. तिथला पहिला कायदा १९९१ चा, मिनेसोटा राज्याचा. पण त्या पद्धतीत शाळेशी ठरावीक मुदतीचा करार असतो, तपासणी कुणी करायची ते ठरलेलं असतं, आणि काम नीट नसेल तर करार पुढे चालू ठेवत नाहीत. आमच्या शाळेचा करार बघायला मागून मला तीन महिने झाले.

पूर्वी अशा वेळी नगरसेवकाला गाठता यायचं. मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं तेही दार बंद राहिलं. आता नवे नगरसेवक आले आहेत. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे: आणखी एकही वर्ग संस्थेकडे देण्याआधी, दिलेल्या शाळांचे करार फाटकावर मराठीत लावायला लावा. करारातच पालकांच्या समितीची अट घाला, तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव लिहा.

परीक्षा एप्रिलमध्ये आहे. रात्री स्वयंपाक उरकला की मी तिला भाकरी मोडून अपूर्णांक दाखवते. अर्धी आणि चतकोर तिला कळली. अर्ध्यात एक तृतीयांश कसा मिळवायचा, ते मला नीट समजावता येत नाही.

आपली,
एक पालक, भांडुप (पश्चिम)