इडली-चहाचे ८,२१९ रुपये: लाउंजच्या चार्जबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
क्रेडिट कार्ड विभाग

विषय: २३ मे २०२५ ला मुंबई विमानतळावरच्या लाउंजचे (आराम करायच्या दालनाचे) डॉलरमध्ये लावलेले पैसे परत मिळणेबाबत

नमस्कार,

पत्र मराठीत लिहितोय कारण उंटवाडीच्या मॉलमध्ये तुमच्या स्टॉलवरचा मुलगा कार्ड विकताना एक शब्द इंग्रजीत बोलला नव्हता. "काका, वर्षातून दोनदा जरी विमानाने गेलात ना, तरी फी वसूल, लाउंज फ्री आहे" हे त्याचं वाक्य मला जसंच्या तसं आठवतंय. आता तक्रार करायची वेळ आली तर तुमचं सगळं इंग्रजीत, ईमेल इंग्रजी, अटी इंग्रजी, फोनवरचा माणूस हिंदी.

आधी मुद्दा सांगतो, मग कहाणी. ११ जूनला माझ्या कार्डावर ६,९६६ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,२५३ रुपये ८८ पैसे असे एकूण ८,२१९ रुपये ८८ पैसे लागलेत. कशाचे, तर 'लाउंज व्हिजिट, ३ व्यक्ती, ८१ डॉलर'. डॉलर! अहो मी अंधेरीत बसून इडली खाल्लीय, दुबईत नाही.

आता कहाणी. आमच्या नाशिकच्या ओझर विमानतळावरून बागडोगऱ्याला विमान नाही, त्यामुळे सिक्कीमला जायचं तर आधी मुंबई गाठा. नाशिक ते मुंबई विमानतळ १७० किलोमीटर धरा, पण त्या किलोमीटरला काही अर्थ नाही, कसारा घाटात एक कंटेनर आडवा झाला की विमान विसरा, म्हणून नाशिकचा माणूस कायम दोन-तीन तास हातचे ठेवूनच निघतो आणि मग एकतर धावत पळत पोचतो नाहीतर इतक्या लवकर पोचतो की काय करावं कळत नाही. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला ५ जूनला, आम्ही गेलो २३ मेला, म्हणजे तेही नशीब. विमान ११:४० चं, आम्ही पहाटे ३ ला इंदिरानगरहून निघालो आणि नेमका त्या दिवशी घाट रिकामा, पडघ्याचा टोल रिकामा, भिवंडी बायपासलाही काही नाही, शहापूरला चहा घेऊनसुद्धा सव्वासहाला टर्मिनल २ च्या दारात. बरोबर बायको आणि आई. आईचं वय ७२, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पाच तास त्या खुर्च्यांवर बसवणार कसं? म्हणून लाउंज. चैन म्हणून नाही, हे मुद्दाम सांगतोय, कारण फोनवरच्या तुमच्या एका साहेबांनी "सर लाउंज इज अ प्रिव्हिलेज" असं ऐकवलं.

लाउंज सिक्युरिटी चेकच्या पलीकडे असतो आणि विमानाच्या साधारण ३ तास आधीपासूनच आत घेतात, त्यामुळे पावणेनऊपर्यंत आम्ही बाहेरच बसलो, घरून आणलेला चिवडा खात. त्याबद्दल तक्रार नाही. सगळेच सकाळपासून येऊन बसले तर जागा कुठून आणणार. त्याच दिवसाचा बोर्डिंग पास पाहिजे, कार्डावरचं नाव आणि पासवरचं नाव एक पाहिजे, हे पण मी आधी विचारून ठेवलं होतं भाच्याला, तो बंगलोरला असतो आणि महिन्याला विमानात असतो. त्याने सांगितलं होतं, मामा काही नाही, कार्ड द्यायचं, मशीनवर २ रुपये कापतात आणि आत सोडतात. तो तर साध्या डेबिट कार्डावर २ रुपयांत जाऊन आलाय.

आता इथून पुढे नीट वाचा कारण सगळी भानगड इथेच आहे.

तुमच्या वेलकम किटमध्ये दोन कार्डं आली होती. एक निळं, म्हणजे खरं क्रेडिट कार्ड, आणि एक काळं, ज्यावर लिमिट वगैरे काही नाही, ते फक्त जगभरच्या लाउंजसाठी. दोन्ही एकाच पाकिटात, एकाच कागदाला चिकटवलेली, वर मोठ्या अक्षरात 'कॉम्प्लिमेंटरी लाउंज ॲक्सेस'. मला काय माहीत की भारतात निळं चालवायचं आणि बाहेरच्या देशात काळं. रांगेत पंचवीस मिनिटं उभं राहून काउंटरला आलो, दोन्ही कार्डं असलेलं पाकीट उघडून पुढे ठेवलं. काउंटरवरच्या मुलीने निळ्यावर एकदा नजर टाकली आणि काळं उचललं, म्हणाली यावर गेस्ट पण होतात सर. मी विचारलं, स्पष्ट विचारलं, "फ्री आहे ना?" ती म्हणाली "कार्ड चालतंय सर." मी ते 'हो' समजलो. कोणीही समजेल. मग तिने छोटी स्क्रीन माझ्याकडे फिरवली, त्यावर माझं नाव, खाली गेस्ट आणि त्यापुढे २, आणि सहीची जागा. रकमेचा रकानाच नव्हता त्यावर. बोटाने सही केली, ती कोंबडीच्या पायासारखी उमटली, आणि आम्ही आत.

त्या मुलीला मी दोष देत नाही. मागे वीस लोक उभे होते, तिला तुमच्या बँकेचं काय आणि दुसऱ्या बँकेचं काय, तिला मशीनवर हिरवं आलं की झालं. तिचं म्हणणं खोटं पण नव्हतं, कार्ड चाललंच की!

आत काय होतं तर इडली, उपमा, ब्रेड, कापलेलं कलिंगड, मशीनचा चहा. उपमा गार होता. आईने अर्धी इडली आणि दोन चहा घेतले, चहात दोन पुड्या साखर टाकून हलवत हलवत इकडेतिकडे बघत मला विचारलं, "एवढं फुकट कसं काय देतात रे हे लोक?" मी म्हणलं अगं कार्डावर असतं. तिने मान हलवली पण तिला पटलं नव्हतं, चेहऱ्यावरून कळत होतं. बायको सोफ्यावर झोपली. दीड-दोन तास बरे गेले, खोटं कशाला बोलू.

सिक्कीम झालं, घरी आलो, विसरून गेलो. आणि ११ जूनला एंट्री.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला माहितीये? मी कॉलेज रोडला ४० रुपयांचा उसाचा रस घेऊन कार्ड लावलं तरी दोन सेकंदात तुमचा मेसेज येतो, इतके कापले, तुम्ही नसाल तर ब्लॉक करा. आणि इथे आठ हजार रुपये, १९ दिवस एक अक्षर नाही. २३ मेला काउंटरवरून निघतानाच मेसेज आला असता की बाबा तीन व्हिजिटचे ८१ डॉलर लागणार आहेत तर मी तिथल्या तिथे वळून मुलीला म्हणलो असतो, ताई हे रद्द करा आणि निळं घ्या.

आणि निळं घेतलं असतं तर काय झालं असतं तेही मी आता वाचून काढलंय, कारण तुमच्यामुळे मला या विषयात डिग्री मिळायची बाकी आहे. निळ्या कार्डावर तिमाहीला देशातल्या लाउंजच्या २ व्हिजिट आहेत, अट अशी की आधीच्या तिमाहीत ५०,००० रुपये खर्च झालेला पाहिजे. जानेवारी ते मार्चमध्ये माझा खर्च त्याच्या दुप्पट आहे, माझ्या मशीन शॉपला लागणारा माल मी याच कार्डावर घेतो, स्टेटमेंट बघा. बायकोकडे ॲड-ऑन कार्ड, म्हणजे माझ्याच खात्यावरचं तिच्या नावाचं जोडकार्ड, आहे आणि ते त्या वेळी तिच्या पर्समध्येच होतं. म्हणजे मी माझ्यावर, ती तिच्यावर, दोघं ४ रुपयांत आत, आणि राहिली आई, तिचे पैसे मी तिथेच रोख भरले असते. माझ्या त्या दोन्ही व्हिजिट तशाच पडून राहिल्या आणि ३० जूनला लॅप्स झाल्या. फुकट होतं ते वापरलं गेलं नाही आणि पैशाचं होतं ते न सांगता वापरलं गेलं.

यावर तुमच्या कस्टमर केअरचं उत्तर, सहा फोन करून सहाही वेळा एकच, की "टर्म्स अँड कंडिशन्समध्ये आहे सर." आहे, मी नाही म्हणत नाही. शोधलं मी. पीडीएफमध्ये २२ व्या पानावर, एका चांदणीच्या खाली, मोबाईलवर दोन बोटांनी ताणल्यावर दिसतं की काळ्या कार्डाच्या मोफत व्हिजिट भारताबाहेरच्या लाउंजसाठी आहेत, भारतात वापरलं तर प्रत्येक व्हिजिटला २७ डॉलर अधिक कर, आणि गेस्टला कुठेही २७ डॉलर. मग जे कार्ड भारतात वापरलं की पैसे लागतात ते भारतातल्या काउंटरवर गुपचूप चालतंच कसं? एकतर चालू देऊ नका नाहीतर स्क्रीनवर आकडा दाखवा. आणि कार्डाच्या मागे एवढी जागा रिकामी आहे, तिथे एक ओळ छापायला काय जातं, 'भारतात वापरू नका'. पण ती ओळ नाहीये म्हणूनच तर आठ हजार मिळाले तुम्हाला, माझ्यासारखे अजून किती असतील कोण जाणे.

माझं अंबडला छोटं मशीन शॉप आहे, जॉबवर्क करतो. पार्टी ड्रॉइंग पाठवते, मी रेट देतो, त्यांची पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, येते, मग मशीन चालू होतं. उद्या मी न विचारता जॉब करून, माल पोचवून, १९ दिवसांनी बिल पाठवलं, ते पण डॉलरमध्ये, आणि पार्टीने फोन केल्यावर म्हणलो की माझ्या वेबसाइटवर २२ व्या पानावर आहे साहेब, तर मला अख्ख्या एमआयडीसीत कोणी काम देणार नाही. मी म्हणतोय तेवढंच, दारात रेट सांगा. सांगितल्यावर जो जाईल तो भरेल, ज्याला नाही परवडत तो बाहेर वडापाव खाईल.

चौथ्या फोनला एका मॅडमनी "गुडविल म्हणून १,००० रिवॉर्ड पॉइंट" देते म्हणून सांगितलं. मी विचारलं याचे रुपये किती होतात, तर अडीचशे. नको म्हणलं.

पैसे मी भरलेत, पूर्ण. भाच्यानेच सांगितलं की मामा वाद घाल पण आधी बिल भर, नाहीतर व्याज आणि लेट फी लागून मूळ भांडण बाजूलाच राहील. त्यामुळे ड्यू डेटचं कारण सांगू नका, माझ्याकडून काही बाकी नाही.

माझी मागणी तीनपट नुकसानभरपाई वगैरे नाही. तीन व्यक्तींपैकी मी आणि बायको यांच्या दोन व्हिजिटचे ५४ डॉलर आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे ५,४७९ रुपये ९२ पैसे परत करा, आम्ही दोघं निळ्या कार्डावर फुकट जाऊ शकत होतो हे तुमच्याच रेकॉर्डवर आहे. आईच्या व्हिजिटचे राहू द्या. ती गेली, ती बसली, तिचे मी देणारच होतो, २७ डॉलर जास्त आहेत पण असू दे. आणि दुसरं, ते काळं कार्ड भारतात बंद करा माझ्या खात्यावर, तशी सोय नसेल तर ते कार्डच काढून घ्या, मला नको.

पहिली ईमेल मी २० जूनला केली होती. तिला फक्त 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असं ऑटो उत्तर आलं, त्यानंतर काही नाही. २० जुलैला ३० दिवस होतात, तोपर्यंत ठोस उत्तर आलं नाही तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकणार आहे, त्याला फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे, २०१९ च्या कायद्यापासून ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, म्हणजे तारखेला मी घरून जेवून जाईन आणि तुमचा माणूस घाट चढून येईल. हे धमकी म्हणून घेऊ नका, माहिती म्हणून घ्या. आणि कार्ड बंद करायचा अर्ज मी वेगळा देईन, त्याला ७ कामाच्या दिवसांपेक्षा उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला मला द्यावे लागतात हेही वाचलंय.

आई रोज विचारते, आले का रे पैसे. बिल बघितल्यावर ती पहिलं काय म्हणाली असेल ते सांगायला नको, पण दुसरं म्हणाली ते सांगतो, "उपमा तरी गरम द्यायचा होता."

सोबत तिघांचे बोर्डिंग पास, जानेवारी ते जूनची स्टेटमेंट, २२ व्या पानाचा स्क्रीनशॉट आणि दोन्ही कार्डं ज्या कागदाला चिकटवून आली त्याचा फोटो जोडलाय, मधले नंबर झाकून. फोन करायचा तर संध्याकाळी ६ नंतर करा, दिवसा शॉपवर लेथ चालू असते, काही ऐकू येत नाही, आणि मेहरबानी करून मराठी येणाऱ्या माणसाला करायला सांगा.

आपला,
एक कार्डधारक, इंदिरानगर, नाशिक
७ जुलै २०२५