बर्नमचं जंगल आणि आईने ओळखलेली झाडं

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो, धड बोलता आलं नाही, पण तू जे सांगितलंस ते डोक्यातून जाईना. ठेकेदार परत येऊन गेला, घरामागच्या वरच्या जागेतली सगळी झाडं एकरकमी मागतोय, पैसे रोख देतो म्हणतो. आणि मग विषय बदलायला म्हणून तू विचारलंस, तुझ्या तिकडे जंगल-बिंगल आहे का रे, की नुसत्या बिल्डिंगा? त्याचंच उत्तर द्यायला बसलोय, रविवार आहे, बाहेर बारीक पाऊस लागलाय, तेव्हा पत्र लांबणार हे आधीच सांगतो.

मी राहतो ते स्लाउ म्हणजे लंडनच्या पश्चिमेचं गाव, कारखाने, गोडाऊनं, हीथ्रोची विमानं डोक्यावरून. आपली मराठी माणसंही बरीच आहेत. पण इथून गाडीने उत्तरेला पंधरा-वीस मिनिटं गेलं की बर्नम बीचेस नावाचं रान लागतं. बीच म्हणजे समुद्रकिनारा नव्हे, बीच नावाचं झाड. 540 एकराचं रान, बकिंगहॅमशायरमधलं. मी पहिल्यांदा गेलो तो कोविडमध्ये, घरात कोंडून डोकं फिरायची वेळ आली होती म्हणून, आणि तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी जातोच. पहिली दोन-तीन वर्षं मला ते नुसतं छान वाटायचं, म्हणजे छान आहे, शांत आहे, फोटो चांगले येतात, एवढंच. ते रान खरं काय आहे ते मला कळलं गेल्या ऑक्टोबरमध्ये, आई आली होती तेव्हा.

तुला तर माहितीये आई कशी आहे. विंडसरचा राजवाडा दाखवला, हं म्हणाली. लंडन दाखवलं, पाय दुखले म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात म्हटलं चल, रानात जाऊ. पार्किंगपासून पाच-दहा मिनिटं चाललो असू, पानं तांबूस व्हायला लागली होती, खाली पाचोळ्याचा हा थर, आणि ती एका जुन्या झाडापाशी जी थांबली ती थांबलीच. बीचची साल गुळगुळीत असते बघ, घासून घासून झिजलेल्या पाट्यासारखी राखाडी, पण ही झाडं म्हातारी झाली की त्याच सालीला कोपराला पडतात तशा वळ्या पडतात. त्या झाडाचा बुंधा दोघांच्या कवेत मावला नसता. पण उंची फार नाही, डोक्याच्या थोडं वर गेलं की बुंधा संपतो आणि तिथे मोठमोठ्या गाठी, आवळलेल्या मुठींसारख्या, आणि प्रत्येक मुठीतून एक-एक फांदी सरळ आभाळात गेलेली. आईने गाठीखाली हात ठेवला, वर बघितलं, आणि मला म्हणाली, "अरे, ह्याची कवळ तोडलीय."

मी म्हटलं काय?

"कवळ तोडलीय रे. आपल्या ऐनाची तोडतात तशी. पण खूप वर्षांत तोडलेली नाही. बघ की, फांद्या किती जड झाल्यात, आता हे फाटणार."

मित्रा, मी इतकी वर्षं त्या झाडांखाली सँडविच खात बसलो आणि मला दिसलं नव्हतं. आपण दोघं लहानपणी तुझ्या आजोबांच्या मागे फिरायचो, ते कमरेला आकडी, आकडीत कोयती, ऐनावर सरसर चढायचे आणि पानांसकट फांद्यांचा टाहाळ खाली पडायचा, आपण तो गोळा करून भारे बांधायचो, मग तो जमिनीवर पसरून राब भाजायचा, त्याच्यावर भाताचा पेरा. हे सगळं मला येतं की. पण इंग्लंडात आल्यावर डोळेच बदलले बहुतेक.

घरी येऊन वाचत बसलो तर आईचं शब्द न् शब्द बरोबर. ह्याला इथे पोलार्डिंग म्हणतात. हे रान कधीच "न शिवलेलं" वगैरे नव्हतं, ती आसपासच्या गावांची सामाईक जागा होती. लोक तिथे गुरं, डुकरं, घोडी चारायचे आणि सरपण न्यायचे. झाड बुडातून तोडलं तर नवे कोंब गुरं खाणार, म्हणून गुरांचं तोंड पोचणार नाही एवढ्या उंचीवर फांद्या छाटायच्या, मग दहा-पंधरा वर्षांनी परत. खाली चरण, वर सरपण, एकाच जागेत दोन पिकं. आणि ह्या छाटणीनेच झाडं जगली! एरवी बीच अडीचशे-तीनशे वर्षांत संपतो, छाटलेले चारशे-पाचशेपर्यंत जातात, कारण वरचा भार वाढतच नाही, वादळात ओढ बसत नाही. मग कोळसा स्वस्त झाला, सरपणाची गरज संपली, आणि सुमारे 200 वर्षांपूर्वी कोयती थांबली. म्हणजे त्यांची कोयती, जी काय असेल ती. तेव्हापासून त्या मुठींतून निघालेल्या फांद्या वाढतायत, एकेक फांदी आता अख्ख्या झाडाएवढी, आणि बुंधा आतून पोकळ. सोसाट्याचा वारा आला की झाड मधून उभं फाटतं. 1976 च्या दुष्काळाने तर दक्षिण इंग्लंडातल्या बीचला फारच मारलं, मुळं वरवर असतात ना.

आता तिथले लोक शिकून-शिकून परत छाटायला लागलेत. पण 200 वर्षं न छाटलेलं म्हातारं झाड एकदम बोडकं केलं तर मरतं, म्हणून एका वेळी थोडंच, मग काही वर्षं थांबायचं, मग पुन्हा थोडं. शिवाय कोवळी झाडं नव्याने छाटून पुढच्या पाचशे वर्षांची तयारी. मला ह्याचं फार वाईटही वाटतं आणि भारीही वाटतं. जी गोष्ट तुझ्या आजोबांना हाताने येत होती ती हे लोक मोजमाप करून, नोंदी ठेवून परत उभी करतायत, पण करतायत. गुरंसुद्धा परत आणलीत, गळ्यात कॉलर असते, हद्दीजवळ आली की कॉलर वाजते, मग ती मागे फिरतात. आई त्या गायींशी बराच वेळ मराठीत बोलली.

एक पोकळ झाड तर मी तुला दाखवायलाच पाहिजे होतं. बुंध्याला फट, आत माणूस उभा राहील एवढी जागा, खाली काळपट चुरा, चहाच्या चोथ्यासारखा ओलसर. वास अगदी पावसाळ्यात वळचणीला भिजलेल्या सरपणाचा. त्या चुऱ्यात राहणारे भुंगे-किडे आहेत, त्यांतले काही फार दुर्मिळ, त्यांना असलं म्हातारं कुजकं लाकूडच लागतं, तरुण झाड चालत नाही. म्हणून पडलेलं झाड तिथून हलवत नाहीत, आहे तिथेच कुजू देतात. त्याच्यावर अळंबी उगवतात, पांढऱ्या, पिवळ्या, एक तर काचेसारखी चिकट. आई म्हणाली खायच्या का, मी म्हटलं नको गं बाई.

ओकही आहेत. एक ड्रुइड्स ओक म्हणून आहे, 800 वर्षांचा मानतात, लोकांनी मुळं तुडवू नयेत म्हणून भोवती कुंपण घातलंय. 800 वर्षं म्हणजे बघ, ज्ञानेश्वर माऊलींच्या आधीचं झालं ते. हे ऐकल्यावर आईने चपला काढल्या आणि नमस्कार केला. शेजारून कुत्रा घेऊन जाणारी एक म्हातारी बाई थांबली, काही बोलली नाही, नुसती हसली, छान हसली.

आता तुला मुख्य सांगायचं ते. हे रानही विकायला निघालं होतं. 1879 साली. मालकाची जमीन, जाहिरात निघाली, बड्या लोकांची घरं बांधायला उत्तम जागा म्हणून. फ्रान्सिस हीथ नावाच्या माणसाने बोंबाबोंब केली, लिहून लिहून लोकांना जागं केलं, हेन्री पीक नावाच्या खासदाराने हात दिला आणि 1880 मध्ये लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने ती जागा घेतली, कायमची, लोकांना फिरायला मोकळी ठेवायची म्हणून. शहराने शहराबाहेर चाळीस किलोमीटरवर रान विकत घेतलं, कल्पना कर! दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराने गाड्यांचा डेपो केला, झाडांच्या आडोशाला गाड्या दडवायचे, पण युद्ध संपलं आणि रान परत लोकांना मिळालं. थॉमस ग्रे नावाचा कवी 1737 मध्ये तिथे नातेवाइकांकडे राहायला होता, त्याने ह्याच झाडांबद्दल मित्राला पत्र लिहिलंय, आणि मी तुला लिहितोय, म्हणजे ह्या झाडांवरनं मित्राला लिहायची रीत जुनीच आहे म्हणायची. त्याची कबर जवळच स्टोक पोजेसच्या चर्चच्या आवारात आहे, त्याच्या आईच्या शेजारी पुरलंय त्याला. आम्ही तिथेही गेलो, रानातून बाहेर पडून.

आजूबाजूचा मुलूखही बघण्यासारखा आहे रे. शेतांना दगडी गडगे नाहीत इकडे, वई आहे, पण कसली, काट्याच्या झुडपांची जाड भिंतच, आणि सप्टेंबरात त्यात ब्लॅकबेरी लगडलेली, कोणीही तोडा. आईने आल्याच्या पहिल्याच आठवड्यात करवंदांसारखी ओंजळभर खाल्ली होती, ओठ जांभळे. वईत मध्येच लाकडी पायरी असते, ती ओलांडली की पायवाट सरळ कुणाच्या तरी शेतातून जाते, आणि शेतकरी अडवू शकत नाही, कायद्याने हक्क आहे चालायचा. आपल्याकडे पाखाडीच्या वाटेवरून भावकीत काय-काय होतं ते आठवून मला ह्याचं फार अप्रूप वाटतं. आणि वर आभाळात घारी, तांबड्या, दुभंगलेल्या शेपटीच्या. ह्या भागातून पार संपल्या होत्या, माणसांनीच मारल्या होत्या, 1989 पासून स्पेनहून पिल्लं आणून सोडली, आता मान वर केली की दिसतात.

शांतता म्हणशील तर विमानं येतात मधूनमधून. पण दोन विमानांच्या मधे जे काही असतं ना. बीचचं फळ पडतं पाचोळ्यावर, टप. छोटं काटेरी बोंड, आत तिकोनी बिया. आई एका ओंडक्यावर बसली होती, शालीत हात घालून, आणि बराच वेळ काही न बोलता मग म्हणाली, "इथे कोणाला तरी परत चढायला शिकवलं पाहिजे."

तर भावा, ठेकेदाराचं. पैशाची गरज मला समजते, पोराची इंजिनिअरिंगची फी, आजोबांच्या घराचं छप्पर, हे मी लांब बसून नको म्हणणं सोपं आहे, म्हणून नको म्हणत नाही. पण सगळं एकदम देऊ नको. झाड तोडणं आणि कवळतोडणी ह्यात किती फरक आहे ते तुझ्या आजोबांना विचारायची गरज नव्हती, आपल्याला आहे. आकेशिया दे, साग दे, हवं तर किंजळातला काही भाग दे. ते जुने ऐन ठेव. ज्यांच्यावर आजोबा चढायचे ते, बुंध्याला मुठी असलेले. त्यांची कवळ शेवटची कधी तोडली कोणास ठाऊक, वीस वर्षं तरी झाली असतील, म्हणजे त्यांच्याही फांद्या आता जड झाल्या असणार, आणि 200 वर्षं व्हायच्या आत हात लावला तर अजून वेळ गेलेली नाही. बावनदीच्या पलीकडे अजून दोघं-तिघं चढणारे आहेत असं आई म्हणते. त्यांची मजुरी मी पाठवतो, ह्यात लाजू नको, टाहाळ तुझ्या गोठ्याच्या खताला होईल, कोणाला राब करायचा असेल तर त्याला दे.

मी जानेवारीत येतोय, अठरा दिवस. त्याच्या आधी एक कर, वरच्या जागेत जाऊन प्रत्येक जुन्या ऐनाचा फोटो काढ, आणि गाठीशेजारी तुझा हात ठेवून काढ, म्हणजे गाठ केवढी आहे ते मला आणि आईला कळेल. ती मोजून सांगेल कोणाची कवळ आधी तोडायची. आणि मी येईपर्यंत ठेकेदाराला हो म्हणू नको मेल्या.

तुझाच,
स्लाउहून