स्टेडियमला कुलूप, तरीही अजिंक्यपद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या शाळांच्या फुटबॉलवेडाबद्दल (म्हणजे हातात चेंडू घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या) आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. टेक्सासमधल्या ॲलन हायस्कूलचे सहा कोटी डॉलरचे, १८ हजार आसनांचे स्टेडियम हा लेखकाच्या रागाचा मुख्य विषय आहे. मी याच गावात राहते. आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून काढलेले निष्कर्ष पटले नाहीत, म्हणून हे पत्र.

शिक्षकांच्या तोंडचा घास काढून स्टेडियम उभे केले, असा लेखाचा सूर आहे. इथल्या सरकारी शाळांच्या हिशेबात ते बसत नाही. शाळा चालवण्यासाठीची घरपट्टी वेगळी आणि बांधकामाचे कर्ज फेडण्यासाठीची वेगळी. कर्जरोख्यांचा पैसा पगाराकडे वळवायला कायद्यानेच मनाई आहे. शिवाय असे रोखे काढायचे तर गावाचे मत घ्यावे लागते. ॲलनमध्ये मे २००९ मध्ये ११ कोटी ९० लाख डॉलरच्या रोख्यांसाठी मतदान झाले. त्यात स्टेडियमबरोबर एक नाट्यगृहही होते. साठ टक्क्यांहून जास्त मते बाजूने पडली, तीही ऐन मंदीत. कर्ज आपल्याच घरपट्टीतून फिटणार हे मत देणाऱ्यांना ठाऊक होते. (व्हिसावर किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असलेली आमच्यासारखी माणसे हीच घरपट्टी पै न पै भरतात, मत मात्र देऊ शकत नाहीत. लेखकाला राग काढायचाच होता तर इथे जागा होती.)

'अभ्यासाचा बळी' हेही ऐकीव वाटले. टेक्सासमध्ये १९८४ पासून कायदाच आहे की एखाद्या विषयात ७० पेक्षा कमी गुण पडले तर तो विद्यार्थी किमान तीन आठवडे सामन्यात उतरू शकत नाही. सुरुवातीला ही बंदी सहा आठवड्यांची होती. वरच्या पातळीच्या काही विषयांना सूट आहे आणि पळवाटाही असतील. पण संघातल्या सगळ्यात भारी खेळाडूलाही रसायनशास्त्राने बाकावर बसवल्याचे इथे कोणाला नवल वाटत नाही. शाळेच्या वेळेबाहेरचा सराव शाळेच्या आठवड्यात आठ तासांपुरताच ठेवावा, असाही नियम आहे. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या क्लासवाल्यांना असा काही नियम लावून पाहावा.

आता त्या स्टेडियमची खरी गंमत, जी लेखात एका ओळीत उरकली आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये उद्‌घाटन झाले आणि २०१४ च्या फेब्रुवारीत काँक्रीटला तडे गेल्यामुळे ते बंद करावे लागले. देशभर टिंगल झाली. दुरुस्तीचा खर्च वास्तुरचनाकार आणि बांधकाम कंपनी यांच्यावर आला. पण २०१४ चा अख्खा हंगाम संघाला घरचे मैदानच नव्हते. दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत त्या पोरांनी एकही सामना न गमावता राज्याचे अजिंक्यपद जिंकले, तेही सलग तिसरे! त्या तिन्ही वर्षांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाली रचणारा मुख्य खेळाडू, कायलर मरे. हायस्कूलमध्ये तो सुरुवातीपासून मैदानात उतरला असे ४२ सामने झाले आणि संघाने ४२ ही जिंकले. पुढे २०१८ मध्ये त्याला कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली आणि २०१९ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिले नाव त्याचे पुकारले गेले. म्हणजे स्टेडियम नसतानाही परंपरा टिकली. मग ती कशावर टिकते?

उत्तर शुक्रवारी संध्याकाळी दिसते. या शुक्रवारांना देशाच्या कायद्याचेही कुंपण आहे: १९६० च्या दशकापासून, हायस्कूलच्या हंगामात शुक्रवारी रात्री व्यावसायिक लीगने टीव्हीवर सामने दाखवून शाळांचे प्रेक्षक पळवू नयेत अशी तरतूद आहे. ॲलनच्या मैदानावर मध्यंतराला जो बँड उतरतो, त्यात सातशे-आठशे मुले-मुली असतात. हिरवळ दिसेनाशी होते. आपल्या मराठी घरांतली मुले जास्त करून या बँडमध्येच सापडतील. शिरस्त्राण घालून अंगावर धावून जाण्याचा खेळ आपल्या आयांना झेपत नाही, आणि डोक्याला बसणाऱ्या मारांबद्दल आता जे कळते आहे ते पाहता त्यांचे फारसे चुकतही नाही. पण पोरगा ट्रॉम्बोन वाजवतो म्हणून आईबाप सामन्याला जातात आणि दोन हंगामांत पंचांशी हुज्जत घालायला शिकतात. आमच्याकडे हेच झाले.

तरीही एक आक्षेप मी घेईन, आणि तो लेखात नाही. ॲलन हे लाखभर वस्तीचे शहर, पण नियमित हायस्कूल एकच. विद्यार्थी पाच हजारांहून अधिक. एक शाळा म्हणजे एकच मुख्य संघ, एकच क्वार्टरबॅक, मुख्य नाटकात एकच नायिका. सगळ्या गावातून निवड करायची म्हटल्यावर संघ बलाढ्य होणारच. पाच अजिंक्यपदे उगाच आलेली नाहीत. पण मध्यम कुवतीच्या, हौशी मुलाने शाळेकडून खेळायचे कधी? शेजारच्या फ्रिस्कोने उलटा मार्ग धरला. तिथे शाळा मुद्दाम लहान ठेवल्या, आज बारा हायस्कुले आहेत. त्यांचे काही सामने तर डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाच्या सरावाच्या बंदिस्त मैदानावर होतात, कारण ते बांधताना शहराने आणि शाळांनीही पैसे घातले आणि वापराचा हक्क मिळवला. ॲलनएवढी अजिंक्यपदे तिथल्या एकाही शाळेकडे नाहीत, पण दर हंगामात बारा क्वार्टरबॅक असतात.

दुसरे हायस्कूल काढावे का, ही चर्चा ॲलनमध्ये अधूनमधून उठते आणि 'आपला संघ फुटेल' या धास्तीने खाली बसते. सहा कोटींच्या काँक्रीटपेक्षा मला ही धास्ती महाग वाटते. मताचा अधिकार मिळाला आणि तसा प्रस्ताव मतदानाला आला, तर मी दुसऱ्या हायस्कूलच्या बाजूने मत देईन. घरातल्या ट्रॉम्बोनवाल्याचा याला सक्त विरोध आहे, तेवढे नमूद करते.

आपली,
एक वाचक, ॲलन (टेक्सास)