कापायचं काम शेवटी

कोल्हापूर

चि. बाळ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या जुन्या पिकअप ट्रकचे फोटो आधी मोबाईलवर पाहिले आणि मग टीव्हीवर लावून आईसोबत पुन्हा पाहिले. ब्रेकचं काम तू फार नेटकं केलंस. मागचे व्हील सिलिंडर नवे, पाइप नवे, आणि प्रत्येक पाइप चासीला क्लिप मारून बसवलेला. आता पुढे काय करू, असं तू विचारलंस. गाडी खाली बसवायची (म्हणजे तिची उंची कमी करायची), एलएस इंजिन (जनरल मोटर्सचं नव्या पिढीचं आठ सिलिंडरचं) घालायचं की रंगाला द्यायची, हे तुझे तीन पर्याय. चौथा तुझ्या मित्राचा, लांब हौदा कापून गाडी आखूड करायचा. फोनवर निम्मं बोलायचं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहितो.

उद्यमनगरात इतकी वर्षं ट्रकच्या चासीखाली काढल्यावर माझ्या मनात कामांच्या दोनच जाती उरल्यात. काही कामं परत फिरवता येतात. स्प्रिंग बदलली, नाही आवडली, जुनी पुन्हा बसवली. काही कामं एकदा केली की झाली, मग गाडी आयुष्यभर तशीच. तुझी १९७२ची शेव्हरलेट सी-१० आहे. तिच्यासारखी गाडी कारखान्यातून पुन्हा निघणार नाही. म्हणून माझं मत असं, की पुढचं काम निवडताना ‘कुठलं काम जास्त देखणं’ हे बघू नकोस. कुठलं काम केल्यावरही पुढची सगळी दारं उघडी राहतात, ते बघ. आणि गाडी चालती राहिली पाहिजे. सुटे भाग डब्यात आणि चासी आधाराच्या लोखंडी घोड्यांवर, अशा अवस्थेत वर्षं काढलेल्या गाड्या मी खूप पाहिल्या. त्यातल्या बऱ्याच शेवटी भंगाराच्या भावाने गेल्या. मालकाचं प्रेम कमी नव्हतं. गाडी चालवायला मिळत नाही म्हटल्यावर तिच्याकडे जाणंच थांबतं.

तू पाठवलेल्या चासी नंबरातून मला एक गोष्ट कळली, ती तुझ्या निर्णयाला उपयोगी आहे. सुरुवातीला ‘सी-सी-एस’ आहे. पहिलं अक्षर शेव्हरलेटचं, दुसरं टू-व्हील ड्राइव्हचं, आणि तिसरं ‘एस’ म्हणजे सहा सिलिंडर. आठ सिलिंडरची असती तर तिथे ‘ई’ असता. म्हणजे आज बॉनेटखाली जे आठ सिलिंडरचं ३५० (घनइंची) इंजिन आहे ते मागच्या कुठल्या तरी मालकाने बसवलंय, ते गाडीचं मूळचं नव्हे. तेव्हा इंजिन बदलल्याने मूळपण जाईल ही भीती तू मनातून काढून टाक, ते आधीच गेलंय. हौदा, केबिन आणि रंग मात्र तुझ्या म्हणण्याप्रमाणे कारखान्याचे आहेत. जपायचं असेल तर ते. पुढे ‘एफ’ आहे, म्हणजे गाडी मिशिगनमधल्याच फ्लिंटच्या कारखान्यात जुळली. तू राहतेस तिथून ते गाव काही लांब नाही. ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याचा कागद चिकटवलेला असतो, त्यावर कुठले ऑप्शन लागून गाडी निघाली ते छापलेलं असतं. तो शाबूत असेल तर आधी त्याचा फोटो काढ आणि त्याला हात लावू नकोस.

आता क्रमाने सांगतो. तुझ्या यादीत नसलेलं काम मी पहिलं धरतो. या गाडीची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे आहे. १९६७ ते १९७२च्या या पिकअपना ती तिथेच. तू लिहिलंस की काच बंद केली की पेट्रोलचा वास येतो. बाळा, या एका ओळीने माझी झोप उडवली. टाकीला जोडणारी रबरी नळी जुनी असेल, आणि तुमच्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. ती नळी आणि इंजिनपर्यंतचे सगळे रबरी तुकडे याच आठवड्यात बदल. त्यासाठी कुठलाही मोठा निर्णय घ्यावा लागत नाही.

पण टाकी तिथून हलवावी असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे, चासीच्या दोन लांब दांड्यांच्या मध्ये मोकळी जागा आहे, तिथे बसणाऱ्या टाक्या तयार मिळतात. पुढचा विचार इथेच करायचा. आज तुझ्या कार्बोरेटरला पाच-सात पीएसआय दाब पुरतो. उद्या एलएस घातलंस तर इंजेक्शनला ५८ च्या आसपास लागेल, आणि त्यासाठी पंप टाकीच्या आत बसलेला बरा, पेट्रोलमध्ये बुडून तो थंड राहतो. म्हणून टाकी घेतानाच आत पंप बसवायची सोय आणि परतीच्या नळीचं तोंड असलेली घे. आज तिच्यातून इंजिनचा साधा पंप ओढेल. उद्या वरचं झाकण खोलून आत पंप सोडायचा, बस. एकच काम, आणि इंजिनचा निर्णय काहीही झाला तरी ते वाया जात नाही. पेट्रोल भरायचं तोंड हौद्याच्या तळातल्या लाकडी फळीतून काढ. फळी उद्या बदलता येते. हौद्याच्या बाजूच्या पत्र्याला भोक पाडू नकोस. केबिनच्या कोपऱ्यातलं जुनं झाकण आहे तसंच राहू दे, बुजवायची गरज नाही.

टाकी निघाली की सीटमागे चांगली मोकळी जागा होते, आणि दुसरं एक काम सोपं होतं. तुझ्या गाडीत फक्त कमरेचा पट्टा आहे. खांद्याचा पट्टा बसव. केबिनच्या खांबाला आतून जाड पट्टी वेल्ड करून त्यात नट दे, नुसत्या पत्र्याला बोल्ट मारलेला पट्टा धक्क्यात पत्र्यासकट निघून येतो. हे काम कुठल्याही फोटोत दिसणार नाही. माझ्यासाठी मात्र ते तुझ्या गाडीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

त्यानंतर गंज. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, आणि ते कुठे जाऊन बसतं ते या गाड्यांवर ठरलेलं आहे: दाराखालची रॉकर, केबिनचे मागचे खालचे कोपरे, पायाखालचा पत्रा आणि केबिन जिथे चासीवर टेकते ते माउंट. तुझ्या फोटोत डाव्या रॉकरवर रंग फुगलेला दिसतो. रंग फुगलाय म्हणजे गंज आतून बाहेर आलाय. टोकदार हत्याराने खालून टोकरून बघ, आत जात असेल तर पत्रा संपलाय. तळाचा पत्रा फुटलेला असेल आणि सायलेन्सरच्या जोडातून धूर गळत असेल तर तो धूर केबिनमध्ये येतो, आणि त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. म्हणून हे रंगाच्या खात्यात न धरता आत्ताच्या खात्यात धर.

रॉकर कापताना एक पथ्य पाळ. रॉकर हा केबिनचा कणा आहे. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर केबिन मधून वाकते आणि मग दारं जन्मात नीट लागत नाहीत. दाराच्या चौकटीत आडवी नळी थोडे थोडे टाके मारून वेल्ड करून घे, एका वेळी एकच बाजू कर, आणि प्रत्येक टप्प्यावर दार लावून फट बघ. वेल्डिंग करणारा कितीही हुशार असला तरी फट तू स्वतः बघ. आणि लांबी (पुट्टी) थापून गंज झाकणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नकोस. गाडी चमकत परत येते आणि दोन पावसाळ्यांत तिथेच पुन्हा फुगते.

स्टेअरिंगबद्दल थोडक्यात. गाडी उभी असताना कोणाला तरी स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांग आणि तू खाली बघ. आधी रबराचा कपलिंग, मग टाय रॉड, मग बॉल जॉइंट. जिथे प्ले (ढिलेपणा) दिसेल ते बदल. स्टेअरिंग बॉक्सला शेवटी दोष दे.

आता तुझ्या यादीतलं गाडी खाली बसवणं. तुला ते करायचंय ते मला आवडलं. या सी-१०ला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत आणि ॲक्सलपासून पुढे जाणारे दोन लांब आर्म. इतकी साधी आणि भक्कम रचना, की नासकार या अमेरिकन शर्यतींच्या मुख्य कप मालिकेतल्या गाड्यांनी मागच्या बाजूला हीच तऱ्हा २०२१च्या हंगामापर्यंत वापरली. आपल्याकडचे ट्रक पाट्यांवर चालतात, त्यामुळे तुझे खालून काढलेले फोटो मी बराच वेळ बघत बसलो होतो.

पुढच्या बाजूला स्प्रिंग कापून खाली आणू नकोस. ड्रॉप स्पिंडल घाल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो भाग बदल. त्यात चाकाची जागाच वर सरकते, स्प्रिंगची चाल तशीच राहते आणि गाडी आपटत नाही. मागे लहान स्प्रिंग आणि त्या मापाचे शॉक ॲब्सॉर्बर. मागे ॲक्सल मध्यात धरणारा जो आडवा बार आहे, तो गाडी खाली बसली की ॲक्सलला एका बाजूला ढकलतो, तेव्हा लांबी कमी-जास्त करता येणारा बार घे. नाहीतर एक चाक मडगार्डला घासेल आणि दुसरं आत दिसेल. हे सगळं बोल्टवर आहे, उद्या परत फिरवता येतं. यापेक्षाही खाली न्यायची तर ॲक्सलसाठी चासीला खालून खाच मारावी लागते. तिथे थांब. आधी एक अख्खा उन्हाळा या उंचीवर चालव, हौद्यात वजन टाकून चालव, आणि मग ठरव.

एलएसचा निर्णय मी भावनेवर सोडणार नाही. आधी आहे त्या ३५० ची तपासणी कर. इंजिन गरम करून सगळे प्लग काढ, कार्बोरेटरचा थ्रॉटल पूर्ण उघडा ठेव आणि एकेका सिलिंडरचा कॉम्प्रेशन आकडा लिही. जो कमी भरेल त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा घे. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्हकडे बघ. आठही आकडे एकमेकांच्या जवळ असतील आणि गरम असताना ऑइलचा दाब टिकत असेल तर त्या इंजिनला काढायचं कारण नाही. एलएस म्हणजे नुसतं इंजिन नव्हे. माउंट, ऑइल पॅन, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टची लांबी, एक्झॉस्ट, रेडिएटर, कॉम्प्युटर आणि त्याचं वायरिंग, हे सगळं त्याच्या मागून येतं. जंकयार्डात जुन्या शेव्हरलेट सिल्व्हराडो पिकअपचं ५.३ लिटरचं इंजिन मिळतं हे खरं, पण ते गाडीत बसून सुरू होईपर्यंत गाडी उभी राहणार. तेव्हा टाकी आधी, वायरिंग त्यानंतर, इंजिन त्यानंतर. पन्नास वर्षांच्या वायरिंगवर नवा पंखा आणि नवा पंप लादायचा नाही. अशा क्रमाने गेलीस तर इंजिन बदलायच्या दिवशी निम्मं काम आधीच झालेलं असेल.

रंगाबद्दल माझं मत इथल्या पेंटरांना पटणार नाही. आपल्याकडे गाडी जुनी दिसली की मालकाला कमीपणा वाटतो, लगेच नवा रंग. पण तुझ्या गाडीवरचा निळा-पांढरा रंग फ्लिंटचा आहे, छतावर उन्हाने विटलेला, हौद्याच्या कडेवर माल घासून पत्रा दिसणारा. तो कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. धू, हाताने पॉलिश कर, नवं पत्राकाम होईल तेवढ्यापुरता जुळता रंग मार, आणि राहू दे. कधीही रंगवता येईल, रंग परत आणता येणार नाही.

आणि हौदा आखूड करण्याचं? नाही. १२७ इंच व्हीलबेस ११५ वर आणण्यासाठी चासी कापून पुन्हा जोडायची, हौद्यातून पत्रा काढायचा, शाफ्ट छोटा करायचा. आखूड गाडीला बाजारात भाव जास्त येतो हे मान्य. पण तू गाडी विकायला घेतलेली नाहीस. शनिवार-रविवारी तू सुतारकाम करतेस, आठ फुटी प्लायवूड तुझ्या हौद्यात सरळ आडवं पडतं आणि फाटक बंद होतं. कामाला येणारा ट्रक दिसण्यासाठी कापायचा, हे मला पटत नाही. तुझे आजोबा तरुणपणी शाहूपुरीतून गुळाच्या ढेपा नेणाऱ्या शेव्हरलेट ट्रकवर क्लीनर होते. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत चालला, तेव्हाच्या त्या गाड्या. हौद्यात किती ढेपा बसतात यावरून ते ट्रकची किंमत करायचे. तुझा हौदा त्यांना नक्की आवडला असता.

रबरी नळ्या बदलल्यास की लगेच कळव, त्यासाठी रविवारच्या फोनची वाट बघू नकोस. कॉम्प्रेशनचे आठही आकडे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव, थंड इंजिनवर घेतले की गरम ते लिही. आणि मागच्या ॲक्सलपासून शेवटच्या क्रॉस मेंबरपर्यंतचं (चासीच्या आडव्या दांड्यापर्यंतचं) अंतर मोजून कळव, म्हणजे कुठल्या मापाची टाकी बसेल ते आपण दोघं बसून बघू. आई म्हणते, गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नकोस. मीही तेच म्हणतो.

तुझे,
बाबा