दोस्ता, प्रिंटरचं आधी हे तपास

प्रिय दोस्ता,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी अण्णांना गोळ्या देत होतो, त्यामुळं नीट बोलणं झालं नाही, म्हणून आज निवांत बसून लिहायलोय. तू म्हणलास की राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता रिझर्व्ह केला, म्हणजे राउटरनं त्याला दर वेळेला तोच आयपी नंबर द्यावा असं बांधून ठेवलं, तरी सकाळी दुकान उघडलं की प्रिंटर ऑफलाइन, आणि बाहेर पीक विम्याचे लोक सातबारा हातात घेऊन उभे. तुझा आवाज ऐकूनच कळलं की तू किती कावलायस. नवा राउटर घेऊ का म्हणून विचारलंस ना, तर नको घेऊस. आधी माझं ऐक, कारण मी याच कटकटीत तीन आठवडे घालवलेत.

तुला माहितीच आहे, अण्णांना लकवा मारल्यापासून ते खालच्या खोलीत असतात आणि आईचा जीव सगळा तिथंच. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत असली तरी नजर दाराकडं. म्हणून मी त्यांच्या खोलीत छोटा कॅमेरा लावला आणि जुना टॅब ओट्याच्या वर भिंतीला टांगला. टॅबमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता टाकलेला, १९२.१६८.०.५०, आणि तोच पत्ता राउटरमध्ये कॅमेऱ्याच्या नावानं रिझर्व्ह केलेला. दोन दिवस झकास चाललं. मग आपल्या परभणीची लाईट, ती गेली आणि आली, की पडदा काळा. आई पिठाच्या हातानं टॅब पुसायची, तिला वाटायचं काचेवर काही बसलंय.

मी रिझर्व्हेशन काढलं, परत टाकलं, राउटर रिसेट केला, सगळं करून पाहिलं, आणि दर वेळेला लगेच चालू व्हायचं म्हणून मला वाटायचं झालं काम, पण पुढच्या लाईटला परत तेच. मग एका रात्री लाईट आल्या आल्या मी राउटरमध्ये जाऊन कुणाकुणाला पत्ता दिलाय ती यादी उघडली, तर कॅमेरा त्यात नव्हताच! नेटवाल्यांनी बसवलेला जुना डबा, तोही एक राउटरच, त्याची यादी उघडली, तर हा गडी तिथं बसलेला, १९२.१६८.१ वाला पत्ता घेऊन. झालं असं होतं की नवा राउटर आणला तेव्हा घरातल्या सगळ्या मोबाइलमध्ये परत पासवर्ड टाकायला नको म्हणून मी दोन्हीकडं वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला होता. लाईट आली की जुना डबा लवकर उठतो, नवा राउटर सावकाश, आणि कॅमेरा जो आधी दिसेल त्याला चिकटतो. त्या डब्याला माझ्या रिझर्व्हेशनची गंधवार्ता नाही, तो कशाला ५० नंबर देईल? डब्याचं वायफाय बंद केलं, त्या दिवसापासून लाईट कितीही वेळा गेली तरी चित्र जाग्यावर आहे.

म्हणून तुझ्याकडं पहिलं बघायचं ते हे, की पत्ता देणारा एकच आहे का दोन. कॉम्प्युटरवर काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल (ipconfig /all) टाक, त्यात डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारा, म्हणून एक ओळ येते, तिथं तुझ्या राउटरचाच पत्ता आहे का बघ. आणि राउटरच्या यादीत प्रिंटर दिसतोय का तेही बघ.

दुसरं, आणि तुझ्या बाबतीत माझा जास्त संशय यावरच आहे, मॅक अॅड्रेस, म्हणजे प्रत्येक मशीनचा स्वतःचा १२ अक्षरांचा ओळख नंबर. राउटर प्रिंटरला ओळखतो ते नावावरून नाही, या १२ अक्षरांवरून. आणि तुझ्या प्रिंटरला नेटची वायर पण जोडता येते आणि वायफाय पण आहे, म्हणजे त्याला दोन मॅक असणार, एक वायरचा आणि एक वायफायचा. तू मागच्या स्टिकरवरून उतरवून घेतलास म्हणलास. तो वायरचा असला आणि प्रिंटर वायफायवर असला, तर राउटरच्या लेखी तो वेगळाच माणूस. स्टिकर पुसून, मोबाइलचा टॉर्च लावून परत वाच. मी कॅमेऱ्याच्या वेळेला ८ च्या जागी बी लिहिलं होतं, इतकी बारीक छपाई असते. त्यात ० ते ९ आणि ए ते एफ एवढंच येतं, म्हणून गोल दिसलं तर शून्य समज किंवा डी, ओ कधीच नसतो. खरं तर हातानं लिहूच नको, राउटरच्या यादीत प्रिंटर सापडला की तिथूनच निवड.

तुझ्या पोरीच्या मोबाइलला पण पत्ता बांधून द्यायचा म्हणत होतास, तिथं वेगळी गंमत आहे. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून, मोबाइल वायफायला खरा मॅक सांगतच नाही, बनवलेला सांगतो. बाहेर कुणी माग काढू नये म्हणून ते चांगलंच आहे, पण घरच्या वायफायपुरतं ते बंद करून मग रिझर्व्ह कर. ओळखायचं कसं, तर मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असलं की समज तो बनवलेला आहे.

आणि हो, रिझर्व्ह केलं की लगेच पत्ता बदलत नाही. आधीच्या पत्त्याची मुदत चालू असते, माझ्याकडं ती २४ तासांची आहे, आणि मशीन साधारण निम्मी मुदत गेल्यावर परत राउटरला विचारतं. तोवर जुनाच पत्ता. म्हणून सेव्ह केल्यावर प्रिंटर बंद करून चालू कर. राउटर ज्या नंबरांमधून पत्ते वाटतो त्या पट्ट्याबाहेरचा नंबर म्हणून त्यानं नाही घेतला तर पट्ट्यातला दे, काही राउटरला तसंच लागतं.

तुझा भाचा मागं येऊन प्रिंटरच्या सेटिंगमध्ये हातानं आयपी टाकून गेला होता ना? ते आधी काढ, प्रिंटरला ऑटोवर ठेव. हातानं टाकलेला पत्ता राउटरला माहीत नसतो, तो खुशाल तोच नंबर दुसऱ्याला देऊन टाकतो, मग एका घरनंबरावर दोन बिऱ्हाडं, कधी छपाई होते कधी नाही. तसा संशय आला तर त्याच काळ्या खिडकीत प्रिंटरच्या पत्त्याला पिंग मार, म्हणजे ping लिहून पुढं तो पत्ता टाक, आणि लगेच आर्प हायफन ए (arp -a) टाक, त्या पत्त्यासमोर जो मॅक येईल तो स्टिकरशी जुळवून बघ. नाही जुळला तर तिथं दुसरंच कुणीतरी बसलंय.

हे सगळं बरोबर असूनही ऑफलाइन आलं तर राउटरला सोड, कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स उघड. तिथं जुना पत्ता तसाच लिहिलेला असतो, आणि कॉम्प्युटर बिचारा रोज त्या जुन्या पत्त्यावर कागद पाठवतोय. हे माझ्या मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात झालेलं, दोन दिवस गेले शोधण्यात.

आजच रात्री दुकान बंद केल्यावर बस, लोक असताना हात लावू नको. राउटरच्या यादीचा आणि प्रिंटरच्या स्टिकरचा फोटो पाठव, मी जागाच असतो, अण्णांची शेवटची गोळी ११ ला असते. आता ते उजवा हात थोडा उचलायलेत. काल कॅमेऱ्याकडं बघून त्यांनी हात हलवला आणि आईनं तवा तसाच ठेवून खाली धाव घेतली.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
परभणीवाला