खड्डा बुजतो, पाणी तसेच

पाऊस ओसरला की सार्वजनिक बांधकाम विभागाची खड्डे बुजवण्याची लगबग सुरू होते. कडा उभ्या, चौकोनी कापायच्या, माती-पाणी काढायचे, तळाला नि कडांना डांबराचा पातळ हात द्यायचा आणि गरम मिश्रण थराथराने दाबायचे, ही साधी रीत. प्रत्यक्षात ओल्या खड्ड्यात माल ओतून फावड्याने थोपटतात! मिश्रण १०० अंशांखाली उतरले की रोलर फिरवूनही नीट दबत नाही. पोकळ्यांत पाणी शिरून खडी सुटते. त्यात साइडपट्टी डांबरापेक्षा उंच, म्हणजे पाणी रस्त्यावरच. साइडपट्ट्या खरवडणे, मोऱ्या उपसणे मेअखेर व्हावे. दोष दायित्व कालावधीचा फलकही रस्त्यावर हवा; त्या मुदतीतली दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने असते.